आमची वाटचाल : बादलीपासून सुरू होणारा हिशेब

कांदिवलीच्या एका गाळ्यात पाण्याच्या टाक्यांचे वेल्डिंग करत असताना मी आणि माझा धाकटा भाऊ सौर वॉटर हीटरच्या कामाकडे वळलो. जानेवारी 2010 मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले होते, 2022 पर्यंत देशात 2 कोटी चौरस मीटर सौर औष्णिक संग्राहक (उन्हाची उष्णता गोळा करणारी पॅनेल) बसवण्याचे त्याचे उद्दिष्ट होते, आणि त्या वातावरणात ऑर्डर मिळवणे फारसे अवघड नव्हते. अवघड होते ते ग्राहकाला बचतीचा आकडा सांगणे, कारण तो आकडा आम्ही अत्यंत आत्मविश्वासाने आणि चुकीचा सांगत होतो.

आमचे गणित असे होते : 100 लिटर पाणी 27 अंशांवरून 60 अंशांवर नेण्यास 3,300 किलोकॅलरी लागतात, विजेच्या एका युनिटमध्ये (किलोवॅट-तासात) 860 किलोकॅलरी असतात, म्हणजे रोज 3.8 युनिट वाचणार. मुंबईत वर्षाच्या सरासरीने दर चौरस मीटरला दिवसाकाठी सुमारे 5 युनिट ऊन मिळते आणि 100 लिटरसाठी 2 चौरस मीटरचे पॅनेल लागते, त्यामुळे उपकरणाच्या बाजूने या गणितात खोट नव्हती. दादरच्या एका लॉजला 1,000 लिटरची यंत्रणा विकताना आम्ही याच हिशेबाने रोज 38 युनिटांची बचत कोटेशनवर लिहून दिली.

ऑगस्टमध्ये लॉजच्या मॅनेजरांनी बोलावून घेतले. त्यांनी जुनी आणि नवी बिले टेबलावर शेजारी शेजारी मांडली व एवढेच विचारले, “साहेब, यात फरक कुठे दिसतोय तो तुम्हीच दाखवा.” फरक नव्हताच, जुलैचे बिल तर किंचित वाढलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे 5 वाजता भाऊ थर्मामीटर आणि मापाची बादली घेऊन तिथे जाऊन बसला. त्याच्या वहीत जे उतरले त्याने आमच्या धंद्याची पद्धतच बदलली. कोणीही 60 अंशांच्या पाण्याने आंघोळ करत नव्हते; सुमारे 30 पाहुणे प्रत्येकी 20 लिटरची एक बादली, तीही 42 अंशांच्या आसपासची, वापरत होते. गार पाण्याच्या टाकीतले पाणी 26 अंशांचे होते, म्हणजे 600 लिटर पाणी 16 अंशांनी तापवायचे, ज्याला जेमतेम 11 युनिट लागतात. जी उष्णता कोणी वापरतच नाही, तिची बचत बिलात दिसणार कशी? त्यात पावसाळ्यात गरम पाण्याच्या टाकीच्या तळाशी बसवलेला बॅकअप हीटर (ऊन नसताना विजेवर पाणी तापवणारा) रात्रभर संपूर्ण 1,000 लिटर पाणी तापवत होता. तो आम्ही स्वखर्चाने टाकीच्या मध्यावर घेतला आणि त्याला पहाटेचा टायमर लावला.

पाइपचा धडा त्यानंतर मिळाला. सातव्या मजल्याच्या गच्चीवरून पहिल्या मजल्यापर्यंत साधारण 20 मीटर पाइप येतो. 40 मिलिमीटर व्यासाच्या एवढ्या पाइपमध्ये 25 लिटर पाणी मावते. इन्सुलेशन नसेल तर ते रात्रीतून गार होते, आणि खालच्या घरातल्या बाई रोज एक बादली गार पाणी भरून झाल्यावर गरम पाण्याची वाट पाहतात. (हे पाणी कपड्यांना वापरले जाते म्हणून तक्रार येत नाही, एवढेच.)

आता आम्ही अंदाज महिनावार काढतो. मे महिन्यात गार पाण्याच्या टाकीतलेच पाणी 30 अंशांच्या पुढे असते, म्हणून घरगुती ग्राहकाच्या तक्त्यात त्या महिन्यासमोर आम्ही शून्य लिहितो, आणि उन्हाची खरी टंचाई असते त्या जुलै-ऑगस्टमध्ये बॅकअपची वीज बचतीतून वजा करतो. वाचलेले युनिट मात्र सरासरी दराने न धरता ग्राहकाच्या सर्वांत वरच्या स्लॅबच्या दराने धरतो, कारण बिल तिथूनच कमी होते.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आम्ही फार उशिरा विचारू लागलो : आज पाणी कशावर तापते? पाइप गॅसच्या एका घनमीटरमधून गिझरमध्ये वाया जाणारी उष्णता वजा जाता साधारण 8 युनिटांइतकी उष्णता पाण्याला मिळते, त्यामुळे गॅस गिझर असलेल्या घरात रुपयांतली बचत विजेच्या घरापेक्षा बरीच कमी भरते. बोरिवलीच्या एका सोसायटीत बहुतेक घरे गॅसवर होती. तिथे आम्ही नव्या पॅनेलचे कोटेशन दिले नाही. गच्चीवर आधीपासून असलेल्या जुन्या यंत्रणेच्या पाइपला इन्सुलेशन करण्याचे दिले, आणि सेक्रेटरी काकांनी ते त्याच बैठकीत मंजूर करून घेतले.