रस्त्याखालच्या जलवाहिनीचे कागद: ठाण्यातील माझा अनुभव

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या भागात नव्या जलवाहिनीचे खोदकाम सुरू झाले आणि तेथे केंद्र सरकारच्या शहरी पाणीपुरवठा योजनेचा, ‘अमृत २.०’ चा, उल्लेख असलेला फलक लागला, तेव्हा आमच्या गृहनिर्माण सोसायटीत जमिनीखालची टाकी दुप्पट करण्याचा प्रस्ताव चर्चेत होता. नव्या वाहिनीमुळे भरपूर पाणी येणार असेल तर सभासदांकडून एवढी मोठी वर्गणी कशाला काढायची, असे काहींचे म्हणणे होते. तर सरकारी फलकाच्या भरवशावर राहू नये, असे बाकीच्यांचे. ही वाहिनी कोणाच्या पैशातून होते आहे, ती आमच्यासाठी आहे का आणि तिच्यामुळे नेमके काय बदलणार, हे कागदोपत्री शोधून काढण्याचे काम सचिव म्हणून माझ्याकडे आले. त्यात जे शिकायला मिळाले ते इतर सोसायट्यांनाही उपयोगी पडेल, म्हणून हे टिपण.

मी आधी कायदा शोधायला लागले. एवढा मोठा खर्च केंद्र सरकार करते आहे म्हणजे पाणीपुरवठ्यासाठी निधी देणारा एखादा राष्ट्रीय कायदा असणारच आणि त्यात नागरिकाचा हक्क लिहिलेला असणार, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पाणी हा विषय राज्यसूचीच्या १७ व्या नोंदीत आहे. केंद्राकडे ५६ व्या नोंदीनुसार आंतरराज्य नद्यांचे नियमन आहे. आणि १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत घरगुती, औद्योगिक व व्यापारी वापरासाठीचा पाणीपुरवठा हा नगरपालिका-महापालिकांचा विषय म्हणून आला आहे. राष्ट्रीय जल चौकट विधेयकाचा मसुदा २०१६ मध्ये तयार झाला होता, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे ‘अमृत’ ही कायद्याने नव्हे, तर मार्गदर्शक सूचनांनी चालणारी योजना आहे, आणि तिच्या पैशाला संसदेची संमती मिळते ती दरवर्षी अर्थसंकल्पासोबत मंजूर होणाऱ्या विनियोजन कायद्यातून. म्हणजे आमच्या रस्त्याखालच्या लोखंडी वाहिनीचा राष्ट्रीय कायदा शोधायचाच असेल तर तो हाच, आणि त्याची मुदत एका आर्थिक वर्षाची. मला हे जरा अस्वस्थ करणारे वाटले, पण पुढची दिशाही त्यामुळेच मिळाली. कायद्यात हक्क लिहिलेला नसेल, तर योजनेच्या अटी ज्या कागदांवर पूर्ण केल्या जातात ते कागद पाहणे हाच मार्ग उरतो.

याच संदर्भात शिकागोला राहणाऱ्या माझ्या पुतण्याशी बोलणे झाले. अमेरिकेत नोव्हेंबर २०२१ मध्ये पायाभूत सुविधांचा मोठा कायदा झाला. पिण्याच्या पाण्याच्या शिशाच्या जोडवाहिन्या बदलण्यासाठी त्यात १५ अब्ज डॉलर स्वतंत्रपणे ठेवले गेले आणि ही रक्कम राज्यांच्या फिरत्या निधीमार्फत जाते. म्हणजे ज्या शहरांना कर्ज मिळते त्यांची परतफेड पुन्हा दुसऱ्या शहरांच्या कामासाठी वापरली जाते. ज्या घराची जोडवाहिनी शिशाची आहे, किंवा कशाची आहे हे माहीतच नाही, अशा घराला तसे लेखी कळवणे तेथील पाणीपुरवठादारांवर बंधनकारक आहे. पुतण्याला तसे पत्र आले होते. आपल्याकडे पत्र येत नाही. आपण अर्ज करायचा असतो.

आमच्याच इमारतीत राज्याच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले एक उपअभियंता राहतात. त्यांना अर्जाचा कच्चा मसुदा दाखवला, तेव्हा त्यांनी चष्मा पुसत पुसत तो वाचला आणि म्हणाले, “ताई, ‘का’ आणि ‘केव्हा’ विचारू नका. कागदाचे नाव लिहा आणि तो कागद मागा.” २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली कार्यालयात जी माहिती अभिलेखात आहे तीच मिळते, कोणी आपल्यासाठी नवे स्पष्टीकरण तयार करून द्यावे अशी अपेक्षा करता येत नाही. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि साधारण दीडशे शब्दांत बसवावा लागतो, त्यामुळे तक्रारीला तसेही त्यात जागा उरत नाही.

मग कोणते कागद असतात, याची त्यांनीच उजळणी करून दिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘अमृत २.०’ मध्ये शहराने आधी आपला जलताळेबंद मांडायचा, म्हणजे पाणी येते किती, लागते किती, गळते किती आणि पुन्हा वापरले जाते किती, हे लिहून काढायचे. त्यावरून शहराचा जल कृती आराखडा होतो, सगळ्या शहरांचे आराखडे मिळून राज्याचा होतो, राज्याची उच्चाधिकार समिती तो मान्य करते आणि मग तो दिल्लीतील शिखर समितीपुढे जातो. त्यानंतर सविस्तर प्रकल्प अहवाल, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश आणि काम सुरू झाल्यावर मोजमाप पुस्तिका. या साखळीतील प्रत्येक टप्प्यावर सही-शिक्क्याचा कागद असतो, आणि सामान्य नागरिकाला सर्वात उपयोगी पडतो तो सविस्तर प्रकल्प अहवाल, कारण वाहिनी कोठून कोठे आणि कोणासाठी हे त्यातच असते.

मी तीन ठिकाणी अर्ज केले: पाणीपुरवठ्याचे काम पाहणाऱ्या स्थानिक कार्यालयाकडे, राज्याच्या नगरविकास विभागाकडे आणि केंद्राच्या गृहनिर्माण व शहरी व्यवहार मंत्रालयाकडे. स्थानिक अर्ज जोडपत्र ‘अ’ च्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, प्रत्यक्ष आवक विभागात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतला; बाकीचे दोन ऑनलाइन केले. ऑनलाइन अर्जाची पावती लगेच मिळते हे खरे, पण स्थानिक कार्यालयात स्वतः जाण्याचा फायदा असा की आपला विषय नेमका कोणत्या शाखेकडे आहे हे तेथेच कळते आणि अर्ज तेवढ्यासाठी फिरत राहत नाही. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तरी कलम ६(३) नुसार तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. तीनपैकी एका ठिकाणचे उत्तर तीस दिवसांच्या मुदतीत आले नाही आणि मला जोडपत्र ‘ब’ भरून पहिले अपील करावे लागले. सुनावणीच्या आधीच उत्तर हाती पडले, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहीत नाही.

केंद्राच्या मंत्रालयाकडून आलेले उत्तर थोडक्यात होते आणि मला ते सर्वात बोधक वाटले. केंद्र सरकार पैसे राज्याला देते, शहरातल्या एखाद्या वाहिनीला नव्हे. त्यामुळे राज्याला दिलेले हप्ते त्यांच्याकडे आहेत, आमच्या रस्त्याचा तपशील नाही. सोबत मार्गदर्शक सूचनांचा हवाला होता. त्या सूचना मी नंतर नीट वाचल्या. योजनेचा एकूण आकार २,९९,००० कोटी रुपयांचा आणि त्यात केंद्राचा वाटा ७६,७६० कोटींचा आहे. शहराची लोकसंख्या १ लाखाच्या आत असेल तर प्रकल्पखर्चाच्या निम्मी रक्कम, १ ते १० लाखांपर्यंत एक तृतीयांश आणि १० लाखांच्या वर २५ टक्के रक्कम केंद्र देते. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या १८ लाखांवर आणि नवी मुंबईची ११ लाखांवर होती. म्हणजे दोन्ही शहरांत फलकावर नाव केंद्राच्या योजनेचे असले तरी प्रत्येक रुपयातले पंचवीसच पैसे केंद्राचे असतात आणि उरलेले राज्याने व शहराने उभे करायचे असतात. शहर मोठे म्हणजे करवसुलीची ताकद मोठी, हे त्यामागचे गणित समजण्यासारखे आहे. पण फलकांवरचा अक्षरांचा आकार या प्रमाणात असता तर नागरिकांचे बरेच गैरसमज टळले असते.

स्थानिक कार्यालयाकडे मी प्रती मागण्याऐवजी कागदपत्रांची पाहणी मागितली होती, कारण कायद्याच्या कलम २ मध्ये माहितीच्या अधिकाराची जी व्याख्या आहे तिच्यात अभिलेखांची आणि कामांचीही पाहणी करणे येते. प्रकल्प अहवाल अनेक खंडांचा असतो. सरसकट प्रती मागितल्या तर पानामागे दोन रुपयांप्रमाणे मोठी रक्कम भरून नको असलेल्या पानांचा ढीग घरी येतो. पाहणीच्या दिवशी तेथील लिपिकाने टेबल मोकळे करून दिले, चहा सांगितला आणि गुंडाळलेला नकाशा उलगडून चारही कोपऱ्यांवर फायली ठेवल्या. नकाशावर इमारतींची नावे नव्हती. नाल्याचे वळण आणि शाळेचे मैदान यांवरून बोट सरकवत मी आमचा कोपरा शोधला. तेथून जाणारी रेघ थेट आमच्याकडे येत नव्हती. ती वरच्या बाजूच्या उंच जलकुंभाकडे जात होती आणि आमची इमारत त्या जलकुंभाच्या वितरण क्षेत्राच्या सीमेच्या आत, पण अगदी कडेला होती.

सोबतच्या तक्त्यात प्रत्येक जोडबिंदूचा क्रमांक, जमिनीची उंची, अपेक्षित मागणी आणि शिल्लक दाब (पाणी पंपाशिवाय किती मीटर उंच चढेल याचे माप) असे रकाने होते. आमच्या कोपऱ्यावरच्या बिंदूसमोर १७ मीटरच्या आसपासचा आकडा होता. उपअभियंत्यांना फोन केला तेव्हा त्यांनी त्याचा अर्थ सांगितला: केंद्रीय यंत्रणेच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमावलीत एक मजली इमारतीसाठी ७, दोन मजलीसाठी १२ आणि तीन मजलीसाठी १७ मीटर किमान शिल्लक दाब धरलेला होता. उंच इमारतींनी जमिनीखालच्या टाकीत पाणी घ्यायचे आणि पंपाने वर चढवायचे, हे गृहीतच आहे. म्हणजे वाहिनी कितीही नवी असली तरी आमची टाकी आणि पंप सुटणार नव्हते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची होती. प्रकल्पाच्या व्याप्तीत वाहिन्या, जलकुंभ आणि मीटर होते. नव्या उद्भवाचा, म्हणजे पाण्याच्या नव्या स्रोताचा, उल्लेख नव्हता. ठाण्याला अलीकडच्या काळात दररोज सुमारे ५८५ दशलक्ष लिटर पाणी मिळत आले आहे: महापालिकेच्या स्वतःच्या योजनेतून २५०, एमआयडीसीकडून १३५, परिसरातील शहरांना ठोक पाणी पुरवणाऱ्या स्टेम प्राधिकरणाकडून ११५ आणि मुंबई महापालिकेकडून ८५. त्यांपैकी एखाद्या उद्भवाचा कोटा वाढला नाही, तर नवी वाहिनी तेच पाणी अधिक समान दाबाने वाटते आणि गळती कमी करते, एवढेच. हेही थोडे नाही. पाण्याच्या हिशेबात न बसणारा भाग २० टक्क्यांच्या खाली आणणे हे ‘अमृत २.०’ चे एक उद्दिष्टच आहे, आणि जुन्या वाहिन्यांच्या सांध्यांतून जाणारे पाणी वाचले तर तेही पाणीच आहे. पण आमच्या सभेत जे ‘भरपूर पाणी’ गृहीत धरले जात होते, ते या कागदांत कोठेच नव्हते. शेजारी नवी मुंबईने मोरबे धरण २००२ मध्ये स्वतःकडे घेतले, त्यामुळे तेथे उद्भव आणि वितरण यांचा विचार एकाच घरात होतो. ठाण्यात तो चार दारांवर विभागलेला आहे.

या माहितीवरून समितीत हिशेब करणे सोपे गेले. ८० सदनिका, सरासरी चार माणसे आणि नियमावलीप्रमाणे माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाची गरज ४३,२०० लिटर होते. आमची टाकी ५०,००० लिटरची आहे. दुरुस्तीसाठीचा शटडाऊन साधारण २४ तासांचा असतो आणि त्यानंतर दाब पूर्ववत व्हायला आणखी काही वेळ जातो. म्हणून टाकी एक लाख लिटरची करण्याऐवजी ७५,००० ची करावी आणि वाचलेल्या पैशातून मीटरपासून टाकीपर्यंतची जुनी गंजलेली नळी बदलावी, असे ठरले. मीटरच्या अलीकडची ही नळी सोसायटीच्या मालकीची असते, तिची गळती आपल्याच बिलात येते आणि कोणत्याही योजनेचा पैसा तिच्यापर्यंत पोहोचत नाही, हे सभासदांना पटवायला नकाशापेक्षा पाण्याच्या बिलांचा जास्त उपयोग झाला.

सध्या माझ्याकडे एक अर्ज लिहून तयार आहे. केंद्राचा हिस्सा २०, ४० आणि ४० टक्के अशा तीन हप्त्यांत येतो. पुढच्या हप्त्यांसाठी उपयोगिता प्रमाणपत्रे आणि स्वतंत्र परीक्षण संस्थेचा अहवाल द्यावा लागतो, आणि शेवटचा हप्ता तर साध्य झालेल्या परिणामांशी जोडलेला आहे. हा अहवाल आणि आमच्या टप्प्यातील वाहिनीच्या जलदाब चाचणीची नोंद, या दोनच कागदांची पाहणी मी मागितली आहे. रस्त्याचे डांबरीकरण होऊन खड्डा दिसेनासा होण्याच्या आत हा अर्ज देण्याचा विचार आहे, कारण कायदा कामाच्या प्रत्यक्ष पाहणीचीही मुभा देतो आणि उपअभियंता सोबत यायला तयार आहेत.