सुतारकामाचे २४० तास

आपल्याकडे बारावीला एचएससी म्हणतात. आम्ही राहतो त्या सिडनीत, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात, बारावीच्या दाखल्याचं नावही एचएससीच आहे. नाव तेच म्हणून आतला मजकूरही तोच असणार, असं मी धरून चालले होते. मग दोन वर्षांपूर्वी, लेक दहावीत असताना, त्याने अकरावीच्या विषयांचा फॉर्म सहीसाठी पुढे केला. इंग्रजी, गणित, फिजिक्स, बिझनेस स्टडीज आणि त्याच रकान्यात, त्याच अक्षरात, ‘कन्स्ट्रक्शन’.

मी सही केली नाही.

त्यामागे कोल्हापूर आहे. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. बिडाचं ओतकाम करायच्या आधी त्या भागाचा लाकडी नमुना लागतो, तो ते बनवायचे. त्यांची मोजपट्टी वेगळी होती. बीड थंड होताना आकसतं, म्हणून तिच्यावरचा इंच नेहमीच्या इंचापेक्षा किंचित मोठा आखलेला असायचा. लहानपणी मी त्या पट्टीने वहीला समास आखला की ओरडा बसायचा. इतकं बारीक काम करणारा माणूस, पण आम्हा भावंडांना एकच सांगायचा, ‘हातात पटाशी येऊ देऊ नका.’ भावाने पुढे एमसीव्हीसी, म्हणजे अकरावी-बारावीचा व्यवसाय अभ्यासक्रम, घेतलं तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. तो बारावी झाला, त्याच जोरावर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात गेला, आज उत्तम कमावतो. तरी लग्नाच्या बैठकीत प्रश्न आलाच, ‘सायन्सला नंबर लागला नाही का?’

तर तो फॉर्म आठवडाभर फ्रीजवर चुंबकाखाली तसाच राहिला. मग शाळेच्या करिअर्स अ‍ॅडव्हायझर बाईंनी मला बोलावलं आणि कागदावर सरळ हिशेब मांडून दाखवला.

इथल्या एचएससीत विषय युनिटांत मोजतात. अकरावीला किमान १२ युनिटं, बारावीला किमान १०, आणि त्यात इंग्रजी सक्तीचं. फिजिक्स अकरावीत दोन आणि बारावीत दोन युनिटांचं. कन्स्ट्रक्शनचा दोन वर्षांचा कोर्स २४० तासांचा, तोही अकरावीत दोन आणि बारावीत दोन युनिटांचा. त्यासाठी वेगळी शाखा किंवा वेगळं बोर्ड नसतं. दाखला तोच आणि त्यावर तेच नाव. शिवाय कोर्समधली सगळी कौशल्यं पूर्ण झाली की सर्टिफिकेट टू ही राष्ट्रीय पात्रता हातात पडते, ती ऑस्ट्रेलियाच्या कुठल्याही राज्यात चालते. काही कौशल्यं राहिली तर जेवढी झाली तेवढ्यांचं लेखी प्रमाणपत्र मिळतं. एकाच शिकण्याचे दोन कागद. कुकरी, हॉस्पिटॅलिटी, रिटेल, शेती, नर्सिंगकडे जाणारं ह्यूमन सर्व्हिसेस, सगळ्यांना हाच न्याय. आणि शिकवणाऱ्याकडे नुसती बीएड असून भागत नाही, त्या धंद्यातली पात्रताही लागते. लेकाचे सर शिक्षक होण्याआधी घरं बांधत होते.

मी दुसऱ्या दिवशी सही केली. खरं सांगायचं तर मन वळलं होतं ते निम्मंच.

सुरुवात झाली ती व्हाइट कार्डने. बांधकामाच्या जागेवर काम करायला प्रत्येकाला हे कार्ड लागतं, मग तो कंत्राटदार असो की सोळा वर्षांचा विद्यार्थी. त्याचं सुरक्षेचं प्रशिक्षण असतं. मग दाराशी पुढे लोखंडी टोपी असलेले बूट आले. मग आली ७० तासांची वर्क प्लेसमेंट. खऱ्या साइटवर, खऱ्या माणसांच्या हाताखाली, पगार नाही, आणि सक्तीची. ती केली नाही तर कोर्सच धरला जात नाही, युनिटं हातची जातात.

सुरुवातीचे दिवस वाईट गेले. तीन दिवस लेकाला फक्त झाडू मारायला आणि भंगार उचलायला लावलं. संध्याकाळी तो सिमेंटने पांढरा होऊन यायचा आणि न बोलता जेवायचा. तिसऱ्या रात्री मी सरांना फोन केला. आपल्याकडे मी केला नसता, ‘शिकायचं तर सोसावं लागतं’ म्हटलं असतं. सर म्हणाले, तो तिथे शिकायला गेलाय, फुकटचा मजूर म्हणून नाही, आणि सकाळी ते स्वतः साइटवर जाऊन उभे राहिले. चौथ्या दिवशी त्याला एका सुताराबरोबर भिंतीच्या लाकडी चौकटीवर लावलं. त्या दिवशी जेवताना तो थांबेचना. उभे दांडे किती अंतरावर, खिडकीच्या वरचा आडवा दांडा जाड का, सगळं पोळीचे तुकडे ताटात मांडून मला दाखवलं.

आता परीक्षेबद्दल, कारण इथे नवीन आलेले आपले पालक नेमके इथेच चुकतात. कौशल्यांना मार्क नसतात. ‘कॉम्पिटंट’ किंवा ‘नॉट यट कॉम्पिटंट’, म्हणजे जमलं किंवा अजून जमलेलं नाही, एवढंच. ‘अजून’ असेल तर पुन्हा करून दाखवायचं. याशिवाय बारावीच्या शेवटी एक लेखी पेपर असतो आणि तो ऐच्छिक आहे. ऐच्छिक हा शब्द ऐकून आम्ही तो जवळजवळ सोडलाच होता. तो पेपर न देताही एचएससी मिळते. पण युनिव्हर्सिटीच्या प्रवेशासाठी एटार नावाचा क्रमांक लागतो, तो सर्वांत चांगल्या १० युनिटांवरून काढतात, आणि पेपर दिला नाही तर कन्स्ट्रक्शनची युनिटं त्यात धरली जात नाहीत. मूल युनिव्हर्सिटीला जाणार नाही अशी आज खात्री वाटत असली, तरी पेपर देऊ दे. पूर्वी अशा विषयांना ‘बी’ वर्गात टाकून एटारमध्ये त्यांची दोनच युनिटं धरायचे. २०२५च्या एचएससीपासून तो भेद काढून टाकला. माझ्यासारख्या बाईला, जिच्या घरात ‘डोक्याचे’ विषय आणि ‘हाताचे’ विषय अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, ही बातमी वाचून भरून आलं.

लेकाच्या वर्गातली एक मुलगी याच्याही पुढे गेली आहे. ती शाळा सांभाळून इलेक्ट्रिशियनकडे शिकाऊ म्हणून रीतसर करारावर लागली आहे. कामाचा पगार मिळतो, ते काम एचएससीत मोजलं जातं, आणि शाळा संपेल तेव्हा तिची उमेदवारी बरीच पुढे सरकलेली असेल.

आपल्याकडेही वारं बदलतंय. २०२३च्या राष्ट्रीय क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये शाळेतला अभ्यास आणि व्यवसाय-शिक्षण एकाच मापाने मोजायचं ठरलं आहे, ३० तासांना एक क्रेडिट. कागदावरचं हे वर्गात कधी आणि कसं उतरतं त्यावर सगळं आहे. पुढच्या वर्षी कुणाच्या मुलाने असा विषय निवडला, तर ‘नंबर लागला नाही का’ हा प्रश्न तेवढा विचारू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

गेल्या रविवारी लेकाने शाळेत केलेला एक जोड घरी आणला. दोन लाकडांना निम्म्या निम्म्या खाचा घेऊन ती एकात एक बसवलेली. व्हिडिओ कॉलवर अण्णांना दाखवायला घेतला. मी मनातून घाबरलेली, कारण तो काय शिकतोय हे दोन वर्षं मी त्यांना धड सांगितलंच नव्हतं.

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोन नाकाजवळ घेतला.

‘गुण्या लावून बघितलास का?’

‘लावला, अण्णा. बरोबर नव्वद आहे.’

‘आता खिडकीकडं जा. उजेडाकडं धर.’

लेकाने धरला. मला काही दिसलं नाही. कोल्हापुरात बसून अण्णांना दिसलं.

‘डाव्या अंगाला उजेड येतोय बघ. पटाशीला धार न्हवती तुझ्या. तुमच्या मास्तरानं पास केला ह्यो?’

‘केला.’

‘मी न्हाई केला. धार लाव, दुसरा कर, आन्‌ पुढच्या रविवारी दाखीव.’

लेक तेलाचा दगड शोधायला गॅरेजमध्ये गेला. अण्णा फोन ठेवायला तयार नव्हते. ‘त्याला म्हणावं दगड पाठवू का माझा,’ ते मला विचारत होते, ‘पार्सलला किती पडतंय?’