एसडब्ल्यूआर १.५, आणि अँटेना जोडलेलाच नाही

हॅम रेडिओसाठी गच्चीवर ४३५ मेगाहर्ट्झचा यागी अँटेना लावला, खाली खोलीपर्यंत २० मीटर आरजी-५८ ही कोअॅक्स केबल (मध्ये तार, भोवती प्लास्टिक, त्यावर जाळी) सोडली, सेटला मीटर जोडला तर एसडब्ल्यूआर (पॉवर किती उलटी फिरते त्याचं माप, १ म्हणजे काहीच परत नाही) १.५. म्हटलं झकास, काम झालं. पण दोन आठवडे कुणी उत्तरच देईना, रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं स्टेशन) उघडेना, आधी सेटवर संशय घेतला मग अँटेनावर, एलिमेंटची मापं तीन-तीनदा घेतली. शेवटी वर जाऊन कनेक्टर उघडला तर मधली तार पिनमधून निसटलेली, सोल्डर नीट धरलाच नव्हता. म्हणजे अँटेनापर्यंत काही पोचतच नव्हतं आणि मीटर खाली बसून १.५ दाखवत होता!

हे कसं झालं ते कळायला मला बराच वेळ लागला, पण कळलं तेव्हा कोअॅक्सकडे बघायची नजरच बदलली. आरजी-५८ चा लॉस, म्हणजे वाटेत गळणारी पॉवर, ४३५ मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण ३५ डीबी (डेसिबल, दर ३ डीबीला पॉवर निम्मी), म्हणजे माझ्या २० मीटरला ७ डीबी. सिग्नल वर जाताना ७ डीबी खाल्ले, टोक उघडं म्हणून तो सगळाच्या सगळा उलटा फिरला, खाली येताना परत ७ खाल्ले. मीटरपाशी १४ डीबीने कमी होऊन आला, म्हणजे जेमतेम ४ टक्के पॉवर, आणि ४ टक्के परत येतात तेव्हा एसडब्ल्यूआर बरोब्बर १.५ येतो. मीटर खोटं बोलत नव्हता, केबलने सगळं गिळलं होतं.

आणि कनेक्टर नीट केल्यावर तरी काय, ७ डीबी म्हणजे पाचातला एक भाग. सेटमधून ५ वॉट निघाले की अँटेनाला १ वॉट, बाकीचे ४ केबल गरम करण्यात जातात. तेवढ्याच लांबीची जाड आरजी-२१३ टाकली तर साधारण ३ डीबी, म्हणजे अडीच वॉट पोचतात, आणि एलएमआर-४०० असेल तर सव्वातीनच्या आसपास. पण हीच माझी आरजी-५८ ७ मेगाहर्ट्झवर लावा, लॉस एक डीबीच्याही आत, ५ पैकी चार वॉटच्या वर जातात, तिथे जाड केबलवर पैसे घालायची काहीच गरज नाही. म्हणून कुणी नुसतं "चांगली केबल कोणती" विचारलं की मी आधी दोन गोष्टी विचारतो, फ्रिक्वेन्सी किती आणि लांबी किती, त्याशिवाय त्या प्रश्नाला उत्तरच नाही. फ्रिक्वेन्सी वाढली की करंट तारेच्या पृष्ठभागावर सरकतो, १०० मेगाहर्ट्झला तांब्याच्या जेमतेम ६-७ मायक्रॉनच्या थरातून वाहतो, मग रेझिस्टन्स वाढणारच. शिवाय मधलं प्लास्टिकही वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त खायला लागतं, म्हणून फोमवाली केबल बरी पडते.

केबलचा ओहमचा आकडा (इम्पीडन्स) ५० की ७५, यावर लोक फार घाबरतात. मल्टिमीटर लावून ५० दिसत नाही म्हणून केबल खराब समजणारेही भेटलेत, पण तो आकडा तारेचा व्यास, बाहेरच्या जाळीचा व्यास आणि मधलं प्लास्टिक यांवरून ठरतो, मल्टिमीटरला तो दिसत नाही. मध्ये हवा असेल तर सगळ्यात कमी लॉस ७७ ओहमच्या आसपास, सगळ्यात जास्त पॉवर झेलायची ताकद ३० च्या आसपास, ५० ही मधली तडजोड. ५० च्या अँटेनाला ७५ ची केबल लावली तर जोडावरून ४ टक्के परत येतात, बस. त्यामुळे नुसतं ऐकायचं असेल, ट्रान्समिट करायचं नसेल, तर मी डोळे झाकून टीव्हीची आरजी-६ टाका म्हणतो, ४३५ ला ती आरजी-५८ च्या निम्म्याहून कमी लॉस देते. फक्त मधल्या तारेला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आत पोलाद आणि वर तांब्याचा मुलामा, आरएफला, म्हणजे रेडिओ सिग्नलला, चालतं कारण करंट वरूनच जातो, पण त्याच केबलमधून वरच्या प्रीअॅम्पला (आलेला सिग्नल वाढवणारा छोटा अॅम्प्लिफायर) डीसी द्यायचा असेल तर व्होल्टेज पडतं. आणि प्रीअॅम्प वरच हवा, अँटेनापाशी, कारण त्याच्या आधी गेलेला प्रत्येक डीबी थेट नॉइज फिगरमध्ये (सिग्नलमध्ये किती खरखर मिसळते त्याचं माप) भर घालतो.

केबलवर काय छापलंय त्यावर विश्वास ठेवू नका, ब्लेडने इंचभर सोलून बघा. जाळी इतकी विरळ असते कधीकधी की खालचं पांढरं प्लास्टिक सरळ दिसतं, अशी केबल मी घेत नाही. जुनी केबल असेल तर जाळी काळी किंवा हिरवट पडलीय का बघा, पडली असेल तर पाणी शिरलंय, आणि ते जाळीतून वातीसारखं कितीतरी आत चढतं, टोक कापून भागत नाही. वरच्या कनेक्टरवर आपोआप चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळा, वरून साधी टेप, आणि कनेक्टरच्या खाली केबलला एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून टपकतं.

आता मी प्रत्येक केबल लावायच्या आधी दुसरं टोक मुद्दाम उघडं ठेवतो आणि नॅनोव्हीएनएने (अँटेना-केबल तपासायचं छोटं यंत्र) रिटर्न लॉस, म्हणजे परत आलेला सिग्नल किती डीबीने कमी झाला ते, मोजतो, त्याच्या निम्मा तो केबलचा लॉस. १४ आला तर ७. ज्याने मला दोन आठवडे फसवलं तेच आता मोजमाप झालंय. आकडा आणि तारीख टेपवर लिहून केबलच्या खालच्या टोकाला चिकटवतो, पावसाळा संपला की परत मोजतो, आणि अर्धा डीबी जरी वाढलेला दिसला तरी सरळ शिडी लावून वर जातो.