नऊ मीटर कुठे गेले?

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवावेत, असे समितीचे पत्र आले, तेव्हा शाळेविषयी पुष्कळ काही लिहायचे मनात होते. जुनी इमारत, पटांगणाकडेची पाण्याची टाकी, स्नेहसंमेलनातली नाटके, सगळे डोळ्यांसमोर आले होते. पण प्रत्यक्ष लिहायला बसलो आणि लेखणी दर वेळी १९८६ च्या नोव्हेंबरातल्या एका दुपारपाशी, दहावी ‘ब’च्या वर्गातच येऊन थांबू लागली. तेव्हा बाकीचे इतर माजी विद्यार्थी लिहितीलच असे समजून मी फक्त सरांविषयी लिहितो. त्यांचे नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसते ‘सर’ म्हटले की कोण, हे आमच्या वेळच्या मुलांना सांगावे लागत नाही आणि नंतरच्यांना नाव सांगूनही ते कळायचे नाही.

सहामाहीत मला गणितात १०० पैकी २३ गुण पडले होते. दिवाळीची सुट्टी संपल्यावर सरांनी प्रत्येकाला एकेक पाठकोरा कागद दिला आणि मार्चच्या बोर्डाच्या परीक्षेत गणितात शेकडा किती गुण मिळवणार, तो आकडा वर लिहायला सांगितला. मी निळ्या शाईने ठळक ९० लिहिले. त्यामागे कसलाही विचार नव्हता. शेजारच्याने ८५ लिहिले होते, एवढेच त्याचे कारण.

सरांनी कागद पाहिला, पण हसले नाहीत. शाळा सुटल्यावर थांबायला सांगितले आणि विचारले, “वडील काय करतात?”

आपल्या इचलकरंजीत या प्रश्नाचे उत्तर निम्म्या वर्गाचे एकच होते. वडील यंत्रमागावर होते, सकाळी आठ ते रात्री आठच्या पाळीत, आणि शाळा सुटल्यावर मी त्याच कारखान्यात कांड्या, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या नळ्या, भरायला जात असे.

“माग मिनिटाला किती पीक टाकतो?” पीक म्हणजे कापडात विणला जाणारा एकेक आडवा धागा.

“एकशे चाळीस, सर.”

“आणि कापडाला इंचात किती पीक?”

“बावन्न.”

सरांनी खडू माझ्या हातात दिला. मिनिटाला १४०, म्हणजे तासाला ८,४००. त्याला ५२ ने भागले की साधारण १६१ इंच, म्हणजे ४ मीटरच्या थोडे वर, आणि १२ तासांचे झाले ४९ मीटर. गणितात २३ गुण मिळवणाऱ्या मुलाने फळ्यावर सोडवलेले हे पहिले उदाहरण, आणि तेही बरोबर आले होते.

“मग वडील मालकाला एका मागाचे ४९ मीटर सांगतात?”

“नाही सर, चाळीस सांगतात.”

“नऊ मीटर कुठे गेले?”

मी म्हणालो, “धागा तुटतो की सर. कांडी संपली की माग थांबतोय, उभ्या धाग्यांचं बीम संपलं तर दुसरं चढवायला वेळ जातोय, आणि लाइट गेली तर सगळंच बंद.”

सर एवढेच म्हणाले, “वडिलांना मागाचं कळतं, तेवढं तुला स्वतःचं कळायला पाहिजे.” आणि त्यांनी माझ्या ९० वर तांबड्या पेन्सिलीने आडवी रेघ मारली.

त्यानंतरचा अर्धा तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. सरांनी गणिताला हातही लावला नाही, आधी वेळ मोजायला लावला. पहाटे साडेपाच ते सात एवढाच वेळ माझ्या स्वतःच्या हातात होता. आठवड्यातून सहा दिवस धरले तर ९ तास, त्यांतले ५ गणिताला, आणि परीक्षेपर्यंत आठवडे होते १५. म्हणजे ७५ तास. आजारपण, घरातले लग्नकार्य, संमेलनाची तालीम अशा तुटीचे १५ तास त्यांनी मलाच वजा करायला लावले. राहिलेल्या ६० तासांत काय बसते, ते मग आम्ही बसवले. भूमितीच्या रचना आधी, कारण कंपास हातात असला की हात शिकत जातो. मग अवयव, एकसामायिक समीकरणे, समरूप त्रिकोण आणि वर्तुळ. त्रिकोणमितीवर सरांनी सरळ फुली मारली. “हे सोड,” असे म्हणणारे शिक्षक मी त्याआधी पाहिले नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्यानंतरही फारसे पाहिले नाहीत. शेवटी त्यांनी खोडलेल्या ९० च्या शेजारी ५५ लिहिले.

५५ हा आकडा पाहून मला अपमान वाटला होता, हे कबूल केले पाहिजे. घरी जाऊन वडिलांना हे सारे सांगितले, ते तक्रारीच्याच सुरात. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी तासांचा हिशेब शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “पहाटेची लाइट धरलीस का ह्यात?” धरली नव्हती. मी पेन्सिलीने आणखी ६ तास वजा केले. दुसऱ्या दिवशी ती दुरुस्ती पाहून सर इतके खूश झाले, की त्यांनी तो कागद शिक्षकांच्या खोलीत नेऊन सगळ्यांना दाखवला.

दर शनिवारी ते कागद मागत. किती तास झाले, किती तुटले आणि कशामुळे, एवढेच विचारत. आठवडा वाया गेला म्हणून ते कधी रागावले नाहीत, मात्र वाया गेलेला आठवडा पुढच्या आठवड्यावर चढवायलाही त्यांनी कधी परवानगी दिली नाही. तुटलेला धागा गाठ मारून पुढे न्यायचा असतो, माग उलटा फिरवायचा नसतो, असे त्यांचे म्हणणे असे.

निकाल लागला आणि गणितात शेकडा ५२ पडले. पेढे घेऊन सरांच्या घरी गेलो. शाबासकीची अपेक्षा होती. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारले, “तीन कुठे गेले?” मला ते सांगता आले. एका रचनेत त्रिज्येचे माप चुकीचे घेतले होते, आणि ती चूक मला परीक्षेच्या खोलीतून बाहेर पडतानाच कळली होती. सर म्हणाले, “मग झालं तर.” एवढी मोठी दाद त्यानंतर मला आयुष्यात कोणी दिली नाही.

पुढे कापड तंत्राची पदविका घेतली आणि गेली अनेक वर्षे एका सूतगिरणीत उत्पादन नियोजनाचे काम पाहतो. मोठी ऑर्डर आली की तरुण अधिकारी यंत्राच्या पूर्ण क्षमतेचा आकडा धरून तारीख कबूल करायला निघतात, आणि मी त्यांना नऊ मीटरचा प्रश्न विचारतो. आता एअरजेट मागांवर मिनिटाला सहाशे पीक पडतात, पण थांबे त्यांनाही चुकलेले नाहीत. पन्नाशीत साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितले, तर मी आठवड्यातून चार दिवस आणि अर्ध्या तासाचेच ठरवले. ते अजून चालू आहे.

गेल्या वर्षी शाळेत आलो होतो. इमारत देखणी झाली आहे, पण दहावीच्या वर्गात भिंतीवर मुलांच्या नावांपुढे लिहिलेली उद्दिष्टे वाचली आणि वाईट वाटले. सगळीकडे ९५ आणि त्याहून वर. एकाही नावापुढे तास लिहिलेले नव्हते. सर असते तर तांबडी पेन्सिल घेऊन दिवसभर तिथेच उभे राहिले असते. ते गेले तेव्हा मी गिरणीच्या कामासाठी परगावी होतो आणि अंत्यदर्शनालाही पोहोचलो नाही. ती बोच कायमची आहे.

समितीने प्रदर्शनासाठी जुन्या वस्तू मागवल्या आहेत. तो कागद मला द्यायचा होता, पण २०१९ साली पंचगंगेचे पाणी आमच्या जुन्या घरात शिरले, तेव्हा पत्र्याची पेटी भिजली आणि आतल्या कागदांचा लगदा झाला. म्हणून इथेच लिहून ठेवतो. वर निळ्या शाईत ९०, त्यावर तांबडी रेघ, शेजारी ५५, खाली पंधरा शनिवारांच्या पंधरा ओळी, आणि उजव्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने वजा केलेले, पहाटेच्या लाइटीचे ६ तास.