मोजून जेवताना : साखर खाली आणण्याचा माझा अनुभव

नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीचे काम करतो. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर झालेल्या वार्षिक आरोग्य तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर १६८ आणि जेवणानंतर दोन तासांची २६२ (दर डेसिलिटर रक्तात इतके मिलिग्रॅम) निघाली. पुढे केलेल्या एचबीए१सी चाचणीत ८.४ टक्के हा आकडा आला, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक आणि एचबीए१सी ६.५ किंवा त्याहून अधिक असेल, तर तो मधुमेह मानला जातो. तांबड्या रक्तपेशींचे आयुष्य साधारण चार महिन्यांचे असते आणि रक्तातील साखर त्यांतील हिमोग्लोबिनला चिकटत राहते. त्यामुळे ही चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. ८.४ टक्के म्हणजे या काळात माझ्या रक्तात सरासरी १९४ च्या आसपास साखर फिरत होती, हे डॉक्टरांनी कागदावर मांडून दाखवले. तहान, वारंवार लघवी, वजन घटणे यांपैकी एकही लक्षण मला जाणवत नव्हते.

डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि सकाळच्या नाश्त्याआधी ग्लिमेपिराइडची छोटी गोळी सुरू केली, डोळ्यांच्या पडद्याची आणि लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी करायला सांगितले आणि आहार बदलायला सांगितले. गोळ्यांचे वेळापत्रक सोपे होते. आहाराच्या बाबतीत मात्र घरी येणारा प्रत्येक जण वैद्य झाला. दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे आणि दर दोन तासांनी थोडेथोडे खा म्हणणारे असे दोन पक्ष आमच्या नात्यातच निघाले. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, भिजवलेली मेथी हे तर होतेच. मेथी मी अजूनही खातो, कारण तिने माझे काही बिघडलेले नाही. पण माझ्या आकड्यांत तिच्यामुळे फरक पडल्याचे मला दिसले नाही.

माझ्या व्यवसायात कोणता भाग चांगला आणि कोणता वाईट हे मापनाशिवाय बोलायचे नसते, म्हणून हाच नियम ताटाला लावायचे मी ठरवले. घरगुती ग्लुकोमीटर आणला. नेहमीच्या एखाद्या जेवणाआधी एकदा आणि पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी पुन्हा एकदा साखर पाहायची आणि दोन्ही आकड्यांशेजारी ताटात काय आणि किती होते ते लिहायचे, एवढीच ही पद्धत. पट्ट्या स्वस्त नसतात, त्यामुळे दिवसभर बोटे टोचण्यापेक्षा एका वेळी एकच जेवण तपासणे मला परवडणारे वाटले. या यंत्राच्या मोजमापात पंधरा टक्क्यांपर्यंत फरक मान्यच असतो. म्हणून एका आकड्यावर निकाल न देता तेच जेवण पुन्हा तपासावे. बोट टोचण्यापूर्वी हात धुवावेत, कारण फळ चिरलेल्या हाताने तपासले तर आकडा फुगतो. टोचताना बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचले की कमी दुखते.

भाकरीबद्दल आमच्याकडे फार श्रद्धा आहे. पोळी सोडा आणि भाकरी धरा, साखर आपोआप उतरेल, असे मला इतक्या जणांनी सांगितले होते की पहिली तपासणी तिचीच केली. ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि पिठले खाल्ल्यावर दोन तासांनी यंत्राने २१४ दाखवले. सौ.ने स्वयंपाकघरातल्या काट्यावर पीठ तोलले तेव्हा कारण कळले. आमच्या घरच्या एका भाकरीला साठ-पासष्ट ग्रॅम पीठ लागते आणि पोळीला तीस. म्हणजे पिठाच्या हिशेबाने माझ्या दोन भाकऱ्या चार पोळ्यांइतक्या होत्या. ज्वारी, बाजरी आणि गहू यांच्या पिठांत पिष्टमय भाग थोड्याफार फरकाने सारखाच असतो. भाकरीच्या बाजूने तंतुमय घटक आणि पोट भरल्याची जाणीव जरूर असते, पण तिला वजनाची सूट मिळत नाही. नागलीचेही तेच. पेठ-सुरगाण्याकडची नागली आमच्याकडे नेहमी येते. तिच्यात कॅल्शियम भरपूर असते, म्हणून ती मी सोडलेली नाही, मात्र बारीक दळलेल्या नागलीची भाकरी माझ्या बाबतीत ज्वारीपेक्षा साखर थोडी अधिकच चढवते. तेव्हापासून ताटात एकच भाकरी असते, आणि ती कोणत्या धान्याची यावर आमच्या घरी वाद होत नाही.

एक भाकरी कमी झाली की तिची जागा कशाने तरी भरावी लागते, नाहीतर माणूस रात्री दहा वाजता डबे उघडत बसतो. माझ्या मते आहारबदल टिकतो की मोडतो ते इथेच ठरते, आणि आहाराच्या छापील तक्त्यांत नेमके हेच नसते. आमच्याकडे ही जागा उसळींनी आणि पालेभाज्यांनी घेतली. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारातून मेथी, शेपू, चाकवत, आंबट चुका आणि हंगामात करडईची भाजी आठवडाभराची येते. मटकी, हुलगे, हरभरे, चवळी यांपैकी काही ना काही रोज भिजत असते. पूर्वी भाजी ही पोळीला लावायची गोष्ट होती. आता वाडगाभर भाजी, वाटीभर घट्ट उसळ, काकडी किंवा मुळ्याची कोशिंबीर आणि त्यांच्या सोबतीला भाकरी असा क्रम झाला. क्रम हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. कोशिंबीर, भाजी आणि उसळ आधी संपवून भाकरी नंतर खाल्ली, तर तेच ताट कमी साखर चढवते, असे संशोधनातही दिसून आले आहे आणि माझ्या वहीतही. एक भाकरी आणि दुप्पट भाजी या क्रमाने खाल्ल्यावर माझा आकडा १५२ च्या आसपास राहू लागला. सौ.चे म्हणणे, ‘अहो, लग्नाच्या पंगतीत असे जेवलात तर वाढपी गोंधळून जाईल,’ आणि ते खरेच आहे. पंगतीत मी हा नियम पाळत नाही, फक्त भात आणि जिलेबी यांपैकी एकच घेतो.

नाशिकमध्ये राहून मिसळीचा विषय टाळता येत नाही. रविवारची मिसळ बंद होणार, या विचाराने मला गोळ्यांपेक्षा जास्त वाईट वाटले होते. पण वहीने इथे माझ्या बाजूने कौल दिला. दोन पाव, वर पापड आणि शेवटी जिलेबी अशी रीतसर मिसळ खाल्ल्यावर आकडा २३८ झाला. पाव आणि जिलेबी वगळून, मटकी जास्त मागून, फरसाण थोडे आणि दही वाटीभर घेतल्यावर तो १६१ वर थांबला. दोष पाव-जिलेबीचा होता, मटकीचा नव्हता. तर्री आणि फरसाण यांतल्या तेलाचा हिशेब साखर तपासणाऱ्या यंत्रावर दिसत नाही, हे मला ठाऊक आहे, म्हणून मिसळ आता दर रविवारी होत नाही.

सर्वांत अवघड भाग कारखान्याचा होता. आमच्याकडे पाळ्या फिरत्या आहेत, आणि रात्रपाळीत जेवणाची वेळ, झोपेची वेळ व गोळीची वेळ तिन्ही सरकतात. उपहारगृहात भात हवा तेवढा मिळतो, वरण पातळ असते आणि चहा साखर घालूनच येतो. रात्री दोन-तीन कप चहा आणि सोबत खारी किंवा बिस्किटे हे जागरणाचे इंधन समजले जाते. तिथले जेवण सुधारण्याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. मी घरून उसळ, दही आणि भाजलेले शेंगदाणे नेऊ लागलो आणि ताटातला भात एका वाटीवर आणला. बिनसाखरेच्या चहाची चव पहिले काही आठवडे अगदीच नकोशी वाटली. जेवणानंतर पंधरा मिनिटे कारखान्याच्या आवारातच फेऱ्या मारतो, आणि सुटीच्या दिवशी इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चालतो. चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातील साखर थेट वापरतात, त्यामुळे जेवणानंतरची ही छोटी फेरीसुद्धा आकड्यात दिसते.

आहार बदलून थोडे दिवस झाले असतील, एका सकाळपाळीत अकराच्या सुमारास मला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि समोरच्या मापकावरचे आकडे वाचता येईनात. दवाखान्यातील परिचारिकेने साखर तपासली, ती ६४ होती. सत्तरच्या खाली गेलेल्या साखरेवर पंधरा ग्रॅम ग्लुकोज घ्यायचे, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासायचे आणि सावरल्यावर काहीतरी खायचे, हा नियम तिने तिथेच शिकवला. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, जेवण कमी झाले म्हणून ती गोळी थांबत नाही. डॉक्टरांनी वहीतील आकडे पाहून ती गोळी बंद केली आणि मेटफॉर्मिन तेवढे ठेवले. इन्सुलिन किंवा अशा गोळ्या चालू असताना ताटातले पिष्टमय पदार्थ कमी करायचे असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगूनच करावे, आणि गोळी आपल्या मनाने तर मुळीच सोडू नये.

उपवासाने मला चकवले. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिने नावालाच. एक ताटली खिचडीने माझी साखर २५१ वर नेली, म्हणजे रोजच्या कोणत्याही जेवणापेक्षा वर. भगर आणि दाण्याची आमटी त्या मानाने बरी, पण भगर मोजूनच. आईला हे पटवायला वेळ लागला. उपवासाला खिचडी न खाणारा मुलगा तिला अर्धवट धार्मिक वाटतो. गुळाबद्दलही तिचे मत ठाम आहे, मात्र गूळ मुख्यतः साखरच आहे आणि यंत्र त्या दोहोंत भेद करत नाही, हे तिने माझ्या बोटावर स्वतः पाहिले. निफाड-दिंडोरीकडची द्राक्षे बाजारात आली की मी सात-आठ मणी जेवणानंतर खातो. शंभर ग्रॅम द्राक्षांत पंधरा ग्रॅमच्या वर साखर असते, तेव्हा घोस समोर घेऊन दूरदर्शन पाहत बसणे संपले.

जेवणानंतरचे आकडे सुधारले तरी सकाळची उपाशीपोटीची साखर बराच काळ १३०-१४० वर अडून राहिली होती. रात्री काही न खाता सकाळी साखर वाढते कशी, हे मला कोडे होते. पहाटे शरीरातील काही संप्रेरके वाढतात आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. यकृतात चरबी साचलेली असेल तर ते इन्सुलिनचा इशारा नीट ऐकत नाही. म्हणजे हा आकडा रात्रीच्या ताटापेक्षा पोटाच्या घेराशी जास्त बांधलेला होता. भारतीय पुरुषांत नव्वद सेंटिमीटरच्या पुढचा घेर धोक्याचा मानतात, आणि माझा शंभरला टेकला होता. वजन हळूहळू आठ-नऊ किलोंनी उतरले, घेर कमी झाला, आणि त्यानंतरच सकाळचा आकडा ११० च्या जवळ आला. ब्रिटनमधील डायरेक्ट नावाच्या अभ्यासाचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्षही वजनाकडेच बोट दाखवतात : दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींच्या आहाराने वजन उतरवलेल्या गटातील ४६ टक्के लोक वर्षाच्या शेवटी औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेबाहेर होते. तो आहार वैद्यकीय देखरेखीखाली होता, घरच्या घरी करून पाहण्याजोगा नव्हे.

माझा एचबीए१सी पहिल्या तीन महिन्यांनंतर ६.९ आणि पुढच्या तपासणीत ६.३ आला. ‘मधुमेह गेला’ असे अभिनंदन करणाऱ्यांना मी थांबवतो, कारण मेटफॉर्मिन अजून चालू आहे. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवल्यानुसार सर्व औषधे बंद केल्यावर किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिला तरच त्याला रिमिशन म्हणतात, आणि तेव्हाही दरवर्षीच्या तपासण्या सुटत नाहीत. डॉक्टरांनी गोळी दोन वेळांऐवजी रात्रीच्या जेवणानंतर एकदाच घ्यायला सांगितली आहे. पुढच्या वेळी एचबीए१सीसोबत डोळ्यांचा पडदा, लघवीतील अल्ब्युमिन आणि ब-१२ जीवनसत्त्वही तपासायचे आहे, कारण मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ कमी होऊ शकते आणि त्याने येणाऱ्या पायांच्या मुंग्या मधुमेहाच्या मुंग्यांपासून वेगळ्या ओळखता येत नाहीत.