व्हीएफएक्सची डिग्री निवडताना मी काय काय केलं (माझा अनुभव)

मला व्हीएफएक्समध्येच (व्हिज्युअल इफेक्ट्स, म्हणजे शूट केलेल्या दृश्यात कॉम्प्युटरवर बनवलेल्या गोष्टी मिसळणं) जायचंय हे शाळेत असल्यापासून ठरलेलं होतं, पण व्हीएफएक्स म्हणजे त्यातलं नेमकं काय हे मात्र मला सांगता येत नव्हतं. माझ्या यादीत अकरा कोर्स होते. कुठे व्हिज्युअल इफेक्ट्स, कुठे व्हिडिओ ग्राफिक्स, कुठे ॲनिमेशन अँड व्हीएफएक्स, कुठे नुसतं डिजिटल मीडिया. नावावरून काही म्हणजे काही कळत नाही हो. विषय उघडून बघितले तर नावात व्हिज्युअल इफेक्ट्स असलेल्या एका डिग्रीत दोन वर्षं जवळपास सगळं कॅरॅक्टर ॲनिमेशन, आणि व्हिडिओ ग्राफिक्सवाल्या एकात चक्क कॉम्पोझिटिंगचे, म्हणजे वेगवेगळी चित्रं जुळवून एकच शॉट करण्याचे, चार पेपर!

माझी मावसबहीण एडिटिंगमध्ये आहे, तिला यादी दाखवली तर तिने ती वाचलीच नाही. म्हणाली, "आधी एक शॉट स्वतः करून बघ, मग कॉलेज शोध." तेव्हा मला राग आला होता कारण अर्जाच्या तारखा जवळ आल्या होत्या, पण ताईचं ऐकलं तेच बरं झालं.

मोबाईलवर पाच सेकंदांचा शॉट घेतला, टेबलावरून हळू सरकणारा कॅमेरा, आणि त्या रिकाम्या टेबलावर ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनवलेला एक कप ठेवायचा, एवढंच. २४ फ्रेम्स प्रति सेकंद म्हणजे १२० फ्रेम्स. ब्लेंडर फुकट आहे आणि त्यात कॅमेरा ट्रॅकिंगही आहे, म्हणजे शूट करताना कॅमेरा कसा हलला ते फुटेजवरून शोधून काढणं. पहिल्या ट्रॅकमध्ये कप टेबलावर घसरत होता कारण मी हात जोरात हलवला होता आणि ब्लरमुळे ट्रॅकिंगचे पॉइंट्स हरवत होते. परत शूट केलं. मग कप जागेवर बसला पण तरी चिकटवल्यासारखाच दिसायचा, का ते दोन दिवस कळेना, शेवटी लक्षात आलं की कपाचा काळा भाग फुटेजमधल्या काळ्यापेक्षा जास्त काळा आहे, फुटेजला नॉइज (बारीक दाणे) आहे आणि कपाला नाही, आणि खिडकीचा उजेड पसरट असताना मी सावलीला धारदार कड दिलीय. ते सगळं जुळवत पहाटे तीनपर्यंत बसले होते आणि उठावंसंच वाटत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मुद्दाम दुसरी बाजू करून बघितली, आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरमध्ये दहा सेकंदांचं हलतं टायटल. कीफ्रेम्स (हालचालीतले ठरावीक टप्पे), ईझिंग (हालचाल हळू सुरू करून हळू थांबवणं), अक्षरांमधलं अंतर. छान झालं, पण तशी ओढ लागली नाही. माझ्या मैत्रिणीचं बरोबर उलटं झालं, तिला तो कपाचा शॉट कंटाळवाणा वाटला आणि टायटलवरून ती हटेना, ती आता मोशन ग्राफिक्सला, म्हणजे हलती अक्षरं-आकृत्या करायला, जातेय. या दोन आठवड्यांनी अकरातले सहा कोर्स आपोआप गळले.

मग उरलेल्यांचे विषय नीट वाचले. एका ठिकाणी नऊ सॉफ्टवेअर शिकवतो हे मोठ्या अक्षरात लिहिलेलं. आधी मला तेच भारी वाटलं होतं. पण सॉफ्टवेअर तर घरी बसूनही शिकता येतं ना, कॉम्पोझिटिंगच्या न्यूकचीसुद्धा शिकण्यासाठी फुकट आवृत्ती मिळते, धूर-स्फोट वगैरे करायच्या हुडिनीचीही मिळते. घरी जे मिळत नाही ते मी शोधायला लागले: ग्रीन स्क्रीन, चांगला कॅमेरा, लाइट्स, सेटवर उजेडाची नोंद कशी घ्यायची हे दाखवणारा माणूस. फोटोग्राफी आणि कलर हे विषय पहिल्या वर्षी आहेत का, गणित आहे का, पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) आहे का. गणिताला घाबरू नका प्लीज. चित्राचा एक थर दुसऱ्यावर ठेवायचं जे सूत्र आपण रोज वापरतो ते पोर्टर आणि डफ या कॉम्प्युटर ग्राफिक्समधल्या दोघांनी १९८४ मध्ये मांडलं, आणि ते बेरीज-गुणाकाराचंच आहे. ते समजलं तेव्हा कपाच्या कडेची ती काळी रेघ का येत होती हेही समजलं.

सगळ्यात उपयोग झाला तो शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या शोरील्सचा, म्हणजे स्वतःच्या निवडक कामाच्या छोट्या व्हिडिओंचा. मी प्रत्येक ठिकाणी मेल करून ब्रेकडाउनसकट (शॉट कसा बनला ते टप्प्याटप्प्याने दाखवणं) मागितल्या. एका ठिकाणाहून नुसती जाहिरात आली. दुसऱ्या ठिकाणच्या तीन वेगळ्या मुलांच्या रीलमध्ये एकच शॉट होता, तोच स्फोट, तोच अँगल, म्हणजे तिघांनी एकच ट्युटोरियल केलेलं. मग तिथल्याच माजी विद्यार्थ्यांना विचारलं की आठवड्यातून किती वेळा तुमचा शॉट मोठ्या स्क्रीनवर लावून कुणी चुका सांगायचं? एकजण म्हणाला वर्षातून दोनदा. जिथे मी शेवटी गेले तिथली मुलगी म्हणाली दर शुक्रवारी, आणि पहिल्या महिन्यात ती रडली होती.

बाबांची काळजी नोकरीची होती आणि ती खोटी नव्हती. २०१३ मध्ये रिदम अँड ह्यूज या व्हीएफएक्स कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत त्यांच्या कामाला ऑस्कर मिळालं, हे मीच बाबांना सांगितलं, लपवून काय करणार. हेही सांगितलं की सुरुवातीला बऱ्याच जणांना रोटो (फ्रेममागून फ्रेम वस्तूची कड आखणं) आणि पेंटचं (नको ते पुसून काढणं) काम मिळतं आणि नेमकं तेच काम आता ऑटोमॅटिक टूल्स करायला लागलीत. म्हणूनच मला अशी डिग्री हवी होती जिथे उजेड, कॅमेरा आणि नजर शिकवतात, ते गेम्समध्ये पण चालतं आणि व्हर्च्युअल प्रॉडक्शनमध्ये (कॉम्प्युटरवरची पार्श्वभूमी सेटवरच स्क्रीनवर दाखवून शूट करणं) पण. बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तो कप दाखव परत."

इंटरव्ह्यूला मी घसरणारा पहिला शॉटही नेला होता. सरांनी चांगल्या शॉटवर एक मिनिट घालवलं आणि घसरणाऱ्यावर पंधरा, कुठे पॉइंट हरवला, तुला कसं कळलं, दुसऱ्यांदा शूट करताना काय बदललं. तिथे तीनच सॉफ्टवेअर शिकवतात. मी तिथेच ॲडमिशन घेतली. पहिली असाइनमेंट आलीय, घरातली एक वस्तू एकाच जागी ठेवून दिवसभरात सहा वेळा तिचा फोटो काढायचा आणि प्रत्येक वेळी सावलीची कड कुठे मऊ होते ते लिहायचं. मी तो कपच ठेवलाय, या वेळी खरा.