आलेखातला थीटा कुठे हरवतो?

जमिनीतल्या ओलाव्याचा आलेख काढायचा आहे, उभ्या अक्षावर थीटा (ओलाव्याचं ग्रीक चिन्ह) हवा आहे आणि छापून येतात तिरपी रोमन अक्षरं: एच, ई, टी, ए. कधी चिन्हाच्या जागी रिकामा चौकोन येतो. कधी पाण्याच्या विसर्गाच्या एककात ‘सेकंद वजा एक घात’ लिहिताना वजा वर चढतो आणि एक खालीच राहतो. लिनक्सवर मॅटप्लॉटलिब (पायथॉन भाषेतली आलेख काढायची लायब्ररी) वापरणारे बहुतेक जण अशा वेळी आधी फॉन्ट इन्स्टॉल करत सुटतात. या तिघांपैकी फॉन्टशी संबंध आहे तो फक्त चौकोनाचा.

पहिली चूक पायथॉनची आहे. थीटाची आज्ञा बॅकस्लॅशपुढे त्याचं रोमन नाव अशी लिहितात. साध्या अवतरणचिन्हांत बॅकस्लॅशपुढे टी आला की पायथॉन त्याचा टॅब करतो, म्हणून थीटातला टी गायब होतो. टाऊ आणि गुणिले यांचंही तेच होतं. एनमुळे न्यू आणि नाब्ला, बीमुळे बीटा, आरमुळे ऱ्हो, एमुळे अल्फा आणि एफमुळे अपूर्णांकाची आज्ञा बिघडते. सिग्मा, पाय, लॅम्डा, म्यू मात्र सुखरूप येतात, कारण एस, पी, एल, एम यांना पायथॉनमध्ये तसा खास अर्थ नाही. ‘सिग्मा येतो, मग थीटा का नाही?’ या गोंधळाचं मूळ इथं आहे. पायथॉन ३.१२ पासून सिग्मासारख्या ठिकाणीही इशारा मिळतो. उपाय एकच: अवतरणचिन्हाच्या आधी आर लावा. ही सवय प्रत्येक लेबलला असावी. एफ-स्ट्रिंग (महिरपी कंसात चलाची किंमत भरणारी स्ट्रिंग) असेल तर आर आणि एफ दोन्ही लावा आणि गणिताचे महिरपी कंस दुहेरी लिहा.

घाताचा बिघाड कंसाचा आहे. घातचिन्हापुढचं एकच अक्षर वर जातं. वजा एक, दहा, बारा असं काहीही असलं तर ते महिरपी कंसात हवं.

आता चौकोन. इथं टर्मिनलवरचा इशारा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘ग्लिफ (अक्षराची आकृती) अमुक क्रमांक सध्याच्या फॉन्टमध्ये नाही’ असं तो सांगतो आणि तो क्रमांकच निदान असतो. ८७२२ म्हणजे युनिकोडचं वजाचिन्ह: निवडलेल्या फॉन्टमध्ये ते नाही. अशा वेळी ‘अ‍ॅक्सिस डॉट युनिकोड मायनस’ हा पर्याय बंद केला की साधा हायफन वापरला जातो. ८८० ते १०२३ म्हणजे ग्रीक. २३०४ ते २४३१ म्हणजे देवनागरी, आणि मॅटप्लॉटलिबसोबत येणाऱ्या डेजाव्हू सॅन्समध्ये देवनागरी नाहीच.

देवनागरीसाठी नोटो सॅन्स देवनागरी किंवा लोहित टाका. फॉन्टची यादी देणाऱ्या एफसी-लिस्ट आज्ञेला भाषा एमआर दिली की मराठी चालणारे फॉन्ट तेवढे दिसतात. फॉन्ट यादीत आहे पण मॅटप्लॉटलिबला सापडत नाही, असं झालं तर होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॅशमध्ये मॅटप्लॉटलिबचं फोल्डर आहे. त्यातली फॉन्टलिस्ट नावाची फाइल पुसा आणि नोटबुकचं कर्नल पुन्हा सुरू करा. मॅटप्लॉटलिबच्या आवृत्ती ३.६ पासून फॉन्ट-फॅमिलीत यादी देता येते: आधी डेजाव्हू सॅन्स, मग नोटो. एकात नसलेलं अक्षर दुसऱ्यातून घेतलं जातं.

एवढं केल्यावरही मराठी लेबल बिघडू शकतं, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात. बहुतेक मशीनवर असलेल्या आवृत्त्या अक्षरं एकापुढे एक मांडतात, जोडत नाहीत. म्हणून ‘दलघमी’ (दशलक्ष घनमीटर) नीट येतं, ‘परभणी’, ‘बीड’, ‘जालना’ही येतात. ‘हिंगोली’ आणि ‘धाराशिव’मधली पहिली वेलांटी मात्र चुकीच्या बाजूला पडते, ‘छत्रपती संभाजीनगर’मधला त्र फुटतो, ‘क्युसेक’मध्ये पाय मोडलेला क दिसतो. मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांची नावं आडव्या अक्षावर टाकून पाहा, चाचणी पूर्ण होते. खात्रीचा मार्ग म्हणजे आलेखाची अक्षरं लॅटेक्स या छपाई-प्रणालीकडून मांडून घेणं, म्हणजे मॅटप्लॉटलिबचा पीजीएफ बॅकएंड आणि लॅटेक्सचा झीलॅटेक्स हा प्रकार: प्रिअ‍ॅम्बलमध्ये फॉन्टस्पेक घ्या आणि फॉन्टला देवनागरी लिपी सांगा. वेळ जास्त लागतो, पण जोडाक्षरं आणि सूत्रं दोन्ही शुद्ध येतात.

निव्वळ गणितासाठी लॅटेक्सची गरज सहसा नसते. मॅथटेक्स्टचा (मॅटप्लॉटलिबच्या स्वतःच्या सूत्र-मांडणीचा) फॉन्टसेट ‘स्टिक्स’ किंवा ‘सीएम’ केला की छपाईला शोभेल असं रूप मिळतं. यूजटेक्स (सगळी अक्षरं लॅटेक्सकडून घेण्याचा पर्याय) चालूच करायचं असेल तर उबुंटू-डेबियनवर टेक्सलाइव्ह-लॅटेक्स-एक्स्ट्रा, सीएम-सुपर आणि डीव्हीआयपीएनजी ही तिन्ही पॅकेजं लागतात. ‘टाइप१ईसी सापडत नाही’ ही तक्रार सीएम-सुपरने मिटते. आणि आर्द्रतेच्या लेबलमधल्या टक्क्याच्या चिन्हाआधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर लॅटेक्स त्यापुढचं सगळं टिप्पणी समजून गिळतो.

न्यूप्लॉट या आलेख काढायच्या दुसऱ्या प्रोग्रामच्या जुन्या स्क्रिप्टमध्ये थीटासाठी ‘सिम्बॉल’ फॉन्टातला क्यू लिहिलेला असतो. पीएनजीकैरो टर्मिनलवर (न्यूप्लॉटमध्ये टर्मिनल म्हणजे चित्राचा प्रकार) तो फॉन्ट नसला की खरोखरच क्यू छापला जातो. एन्कोडिंग यूटीएफ-८ करा आणि थीटा थेट टाइप करा. स्तंभाच्या नावात अंडरस्कोर असेल तर पुढचं अक्षर खाली घसरतं; त्या शीर्षकाला ‘नोएनहान्स्ड’ जोडा.